‘प्रति’ तेवढं राहिलं

सोमवार, ता. ४

दादा,

पत्राच्या सुरुवातीला ख्यालीखुशाली विचारायची असते, पण आठ वर्षांनी ती कुठल्या तोंडाने विचारू? फोन तू उचलत नाहीस. आज चार वेळा करून पाहिला. म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. काउंटरवरची बाई म्हणाली, उद्या दुपारपर्यंत पोचलं नाही तर नाव बदलीन. तिचं नाव मला ठाऊक नाही, त्यामुळे तिचं काही बिघडणार नाही.

काम एवढंच आहे. आमच्या दवाखान्याच्या नीतिसमितीच्या नियमावलीची उजळणी चालली आहे. कलम सात तू विसरला नसशील. त्याच्यावरून तू समिती सोडलीस, आणि मलाही. त्या बैठकीत तू नेमकं काय बोललास ते मला शब्दाला शब्द हवंय. तुझी टिपणवही असेलच. तू कागदाचा कपटा टाकत नाहीस. आई म्हणायची, ह्याला पुरताना कपाटासकट पुरावं लागेल.

माझ्याकडचं इतिवृत्त उपयोगाचं नाही, कारण ते मीच लिहिलंय.

मला आठवतं ते असं. तू म्हणालास, माणूस देवाचं प्रतिरूप आहे. तो शुद्धीवर असो नसो, शहाणा असो वेडा असो, ते त्याच्या अंगावरून कुणाला पुसता येत नाही, त्याचं त्यालासुद्धा नाही. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणाले, “पाळकसाहेब, तुमचा देव मला मान्य नाही, पण तुमचा मुद्दा मला हवाय. सगळ्यांना उचलता येईल अशा शब्दांत द्या की!” तू शब्द देईनास. हटून बसलास. मग मी दिला. मसुद्यात ‘प्रतिरूप’ होतं. त्यातलं ‘रूप’ खोडलं आणि वर ‘ष्ठा’ लिहिलं. ‘प्रति’ तेवढं राहिलं. प्रतिष्ठा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं.

तू दारात उभा राहून म्हणालास, “मधले, तू ‘ध’चा ‘मा’ केलास.” मी म्हटलं, “दादा, इथे सगळ्या धर्मांची माणसं येतात, आणि कुठलाच धर्म नसलेलीही येतात. हा दवाखाना आहे, तुझं चर्च नाही.” ते मी आजही म्हणेन.

घरी सगळं ठीक. आपली धाकटी बेबी ठीक आहे. तू तिच्यासाठी पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले.

उत्तर शुक्रवारच्या आत हवं. शुक्रवारी अकराला बैठक आहे. घाई आहे म्हणून घाई करतेय, दुसरं काही नाही.

तुझी मधली


मंगळवार, ता. ५

दादा,

कालचं पत्र तुला आत्ता मिळत असेल, आणि मी दुसरं लिहायला बसले. कारण काल अर्धंच सांगितलं.

कलम सात तू सोडून गेलास तसं राहिलेलं नाही. तेव्हा ते होतं, ‘उपचारांचा निर्णय घेताना रुग्णाच्या मानवी प्रतिष्ठेला बाध येऊ नये.’ चार वर्षांपूर्वी उपसमितीने ते सुटसुटीत केलं. आता ते असं आहे: ‘ज्या रुग्णाचे जगणे मानवी प्रतिष्ठेला साजेसे राहिलेले नाही, त्याच्यावर यंत्राधारित उपचार सुरू न करण्याचा अथवा काढून घेण्याचा निर्णय समिती घेऊ शकते.’ टाइप मीच केलं. टाइप करताना काहीतरी खटकलं होतं, पण तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि ते मागे पडलं.

कालपासून मी तो शब्द तोंडात घोळवतेय. प्रतिष्ठा जाते. प्रतिष्ठा धुळीला मिळते, पणाला लागते. आपल्या भाषेत ती असते तीच मुळी जाण्यासाठी. प्रतिरूप कुणाचं गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. तू एवढंच सांगत होतास ना? मग एवढंच का नाही सांगितलंस? देव देव करत बसलास आणि मीही हट्टाला पेटले.

शुक्रवारच्या बैठकीच्या फायली काल सकाळी माझ्या टेबलावर आल्या. त्यांत रुग्णांची नावं नसतात. नाव दिसलं की ओळख निघते, ओळख निघाली की न्याय वाकडा होतो, म्हणून नावं काढायची सूचना मीच केली होती. आता फक्त क्रमांक असतात.

क्रमांक तीन. स्त्री, वय छत्तीस. जन्मापासून मतिमंद, सातआठ शब्द बोलते. स्वतःचं स्वतः काही करू शकत नाही. संसर्गामुळे मूत्रपिंडं बंद पडत आलीत. डायलिसिसवर घेतलं तर मूत्रपिंडं पुन्हा चालू लागण्याची शक्यता बरी आहे, असं खुद्द किडनीच्या डॉक्टरांनीच लिहिलंय. औषधांवर शुक्रवारपर्यंत निभेल, पुढे नाही. यंत्रं चार आणि रांग मोठी. त्याखाली त्यांचा शेरा: ‘मुळातच जगण्याचा दर्जा पाहता कलम सात लागू करावे.’ राहते एका संस्थेत. नातेवाईक: नाहीत.

परिचारिकेने बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, ‘जवळ येणाऱ्याचा कान धरते. ओरडू नये, सोडते.’

अशी कान धरणारी माणसं जगात आणखीही असतील.

कलम नऊ आठवतं का? नातेवाईकाने बैठकीत हजर राहून हरकत घेतली, तर निर्णय सात दिवस तहकूब आणि तोवर सगळे उपचार द्यायचे. तो तुझा हट्ट होता. तेवढा एक मी जसाच्या तसा उतरवला. क्रमांक तीनला नातेवाईक असता तर बरं झालं असतं, एवढंच मी म्हणतेय.

सकाळपासून तीच फाईल पुन्हा पुन्हा उघडतेय. उजळणीचं काम किचकट असतं.

मधली


बुधवार, ता. ६

दादा,

ती बेबी आहे.

तू पहिल्या पत्रातच ओळखलं असशील, किंवा कालच्या तरी. मी खोटं बोलायला लागले की वाक्यं छोटी होतात, असं तूच म्हणायचास. आता सगळं सांगते. तू हे उभ्याने वाचू नकोस, बस कुठेतरी.

आई गेल्यावर सहा महिने मी बेबीला एकटीने सांभाळलं. सकाळी तिचं धुणंपुसणं, खाणं, मग शेजारच्या काकूंच्या भरवशावर ठेवून रेकॉर्ड विभागात नऊची हजेरी. तिला उचलून उचलून माझी पाठ गेली. एक दिवस तिने ताट भिरकावलं आणि मी तिला मारलं. जोरात मारलं. ती रडली नाही, कान धरायला आली. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. दुसऱ्या आठवड्यात मी संस्थेत गेले. तिथले अधीक्षक म्हणाले, नातेवाईक असलेल्यांसाठी तीन वर्षांची रांग आहे. ज्यांचं कुणी नाही त्यांना लगेच घेतो. फॉर्ममध्ये आणून सोडणाऱ्याचं नाव होतं आणि पुढे रकाना होता, ‘नाते’.

मी ‘परिचित’ लिहिलं.

पालक म्हणून अधीक्षकांची सही झाली. सुरुवातीला मी दर रविवारी जायचे. मी निघाले की ती दारापाशी बसून कण्हायची. अधीक्षक म्हणाले, तिला रुळू द्या, थोडे दिवस येऊ नका. त्या थोड्या दिवसांची मी दीड वर्षं केली. तुझे मोजे माझ्या कपाटात आहेत, कागदसुद्धा काढलेला नाही.

तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाला असतास, मी घेऊन जातो. आणि मग तू चांगला ठरला असतास.

आज दुपारी वॉर्डात गेले. चेहरा सुजून एवढाला झालाय, डोळे चिरेएवढे. नाडी बघायला परिचारिका वाकली तर बेबीने तिचा कान धरला. ती म्हणाली, “सोडा हं राणीसरकार, मला अजून चार जणी बघायच्यात.” बेबी हसली. तेच हसू दादा, वरचे-खालचे दात न जुळणारं. परिचारिका गेल्यावर मी वाकले. माझा कान तिच्या हाताजवळ नेला. तसाच धरून ठेवला, मान अवघडेपर्यंत. तिने हात उचलला नाही.

परिचारिका परत आली. म्हणाली, “तुम्ही कोण यांच्या?”

मी म्हटलं, “समितीतून आलेय.”

दोनदा नाकारलं मी तिला. तिसऱ्यांदा नाकारायला शुक्रवारी अकराला जायचंय. तू हसशील, पण बायबलातल्या त्या गोष्टी, कोंबडा आरवण्याआधीचे तीन नकार वगैरे, माझ्या डोक्यातून अजून गेलेल्या नाहीत. लहानपणी तू मला पाठ करायला लावल्यास त्याचा हा परिणाम.

खरं सांगितलं तर काय होईल ते मी बोटांवर मोजून काढलंय. खोटी माहिती दिली म्हणून नोकरी जाईल. बेबी वाचली तर संस्था तिला ठेवणार नाही. आणि मग ती आणि मी आणि ते घर. मला त्याची भीती वाटते. ती मरेल याचीही भीती वाटते. आणि सगळ्यांत जास्त भीती मला कशाची वाटते ते आता एकदाच लिहिते, परत विचारू नकोस: सोमवारी तो शेरा वाचल्यावर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

फोन उचल ना रे.

मधली


गुरुवार, ता. ७

दादा,

तुझं पाकीट आलं. तुझं अक्षर पाहून ते उभ्याउभ्याच फाडलं. वाटलं, बुधवारचं वाचून लिहिलंस. मग तारीख पाहिली. हे सोमवारच्या पत्राचं उत्तर आहे. तुला अजून काही माहीत नाही. माझं कालचं पत्र या क्षणी तुझ्या दाराकडे निघालंय आणि मला ते परत ओढून घेता येत नाही.

टिपणवहीचं पान मिळालं. त्यावर एकच ओळ: ‘माणूस देवाचं प्रतिरूप आहे, ते पुसता येत नाही.’ तू तेव्हा खरंच तेवढंच बोलला होतास, आणि मी मात्र आठ वर्षं तुझ्या तोंडी लांबलचक प्रवचन घालत होते. खाली तू आत्ता जे लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. ‘मधले, तुम्हाला वाटतं आम्ही धर्मवाले माणसाला शेवटच्या श्वासापर्यंत नळ्यांना बांधून ठेवायला सांगतो. तसं नाही. उपचार नुसतं ओझं झाला, त्याने काही साधत नसलं, तर तो थांबवायला आमची श्रद्धा आडवी येत नाही. मी स्वतः तीन घरांत तसं करा म्हणून सांगितलंय आणि खाटेपाशी बसलोय. उपचार नको म्हणता येतं. माणूस नको म्हणता येत नाही. तुझ्या प्रतिष्ठेत या दोन गोष्टींची गल्लत होते, एवढंच माझं म्हणणं होतं. ते मी नीट सांगितलं नाही. आवाज चढवला. चूक माझीही होती.’

दादा, हे तू आठ वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर! या वाक्यात देव एकदाही आलेला नाही. प्राध्यापकांनी ते आनंदाने उचललं असतं. मी तरी कुठे ऐकून घेतलं असतं म्हणा. आपण दोघंही एकाच आईची.

आणि अगदी खाली, पाकीट बंद करता करता लिहिल्यासारखं: ‘बेबीला मोजे बसले का? तिचे पाय थंडीत निळे पडतात.’

मी रेकॉर्ड विभागाच्या मागच्या फडताळांमध्ये जाऊन बसले. तिथे जुन्या फायलींच्या धुळीने सगळेच नाक पुसत असतात, कुणी काही विचारत नाही.

उद्या मला उभं राहता येईल का ते माहीत नाही. मोजे तेवढे कपाटातून काढून पिशवीत ठेवलेत.

मधली


शुक्रवार, ता. ८, दुपार

दादा,

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

टेबलाशी नेहमीचे पाच जण. अध्यक्षबाई, म्हणजे निवृत्त न्यायाधीश, किडनीचे डॉक्टर, प्राध्यापक, मेट्रन, आणि कोपऱ्यात वही घेऊन मी. क्रमांक एक आणि दोन झाले. मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. मग अध्यक्षबाईंनी तिसरी फाईल उघडली. किडनीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं. ते वाईट नाहीत रे. यंत्रं चार आहेत, त्यांनाही रोज कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. कलम सात त्यांच्या हातात आम्हीच दिलंय. “नातेवाईक नाहीत,” बाईंनी वाचलं. “कुणाची हरकत?”

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, केवढा आवाज झाला. तुझं वाक्य पाठ केलं होतं, उपचार आणि माणूस वगैरे, त्यातला एक शब्द आठवेना. मी एवढंच म्हटलं, “ती माझी बहीण आहे. फॉर्मवर मी परिचित लिहिलं. ते खोटं होतं. माझी हरकत आहे.”

मला वाटलं आता हाकलतील. तर काय झालं माहितेय? किडनीचे डॉक्टर ताडकन उठले आणि स्वतःची खुर्ची मला दिली. “अहो मॅडम, आधी सांगायचंत ना! आपल्याच घरचं माणूस!” मेट्रनने पाणी आणलं. डॉक्टरांनी तिथूनच युनिटला फोन लावला, “तीन नंबरच्या पेशंटला लगेच घ्या. आपल्या मॅडमच्या सिस्टर आहेत.” दहा मिनिटांत, दादा. सात दिवसांचीही गरज पडली नाही. कलम सातावर एक अक्षर बोललं गेलं नाही. बाई म्हणाल्या, खोट्या फॉर्मचं काय ते नंतर रीतसर पाहू, आता हा विषय गैरलागू झाला.

मी रडत होते. आभार मानत होते. आणि पाणी पिता पिता एकदम लक्षात आलं की बेबी कशाने वाचली. प्रतिष्ठेने! माझ्या प्रतिष्ठेने. ती जशी होती तशीच होती, सकाळीही आणि आताही. बदललं काय, तर मागे एक मॅडम उभी राहिली. मला आनंद झाला आणि घामही फुटला.

बाई म्हणाल्या, “बसू शकाल ना? एकच विषय उरलाय.” मी पेन उचललं.

क्रमांक चार. पुरुष, वय अंदाजे साठ. बसस्टँडवर बेशुद्ध सापडला, मेंदूत रक्तस्राव, श्वासाचं यंत्र लावलंय. नववा दिवस. मेंदूची दुसरी तपासणी झालेली नाही, कारण तिच्यासाठी सही करायला कुणी नाही. नाव माहीत नाही. नातेवाईक नाहीत. कलम सात.

“कुणाची हरकत?” बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पान उलटलं. पान उलटायला किती वेळ लागतो? तेवढ्यात मला काय झालं कळलं नाही. मी म्हटलं, “माझी आहे.”

“तुमची? नातं काय?”

मला भीती वाटत होती दादा. बेबीसाठी उभी राहिले तेव्हापेक्षा जास्त. आत्ताच मिळालेली खुर्ची, आत्ताच सुरू झालेलं तिचं यंत्र, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, “भाऊ.”

मग डॉक्टर हळूच म्हणाले, “मॅडम, ताण आलाय तुम्हाला. घरी जा.” बाई म्हणाल्या, “एका दिवसात दोन नातेवाईक? खोटं नातं सांगणं गंभीर आहे, बाई.”

मी म्हटलं, “खोटं मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं, सख्ख्या बहिणीला परिचित. हे तसलं नाही. त्यांचं यंत्र काढू नका असं मी म्हणत नाही. दुसऱ्या तपासणीत काही उरलं नाही असं निघालं, तर मी स्वतः सही करीन आणि खाटेपाशी बसेन. पण ‘साजेसं नाही’ म्हणून नको. कुणी नाही म्हणून नको.”

प्राध्यापक इतका वेळ चष्मा पुसत होते. तो लावून म्हणाले, “हा ‘भाऊ’ शब्द मी ओळखला. पाळकसाहेबांच्या घरचा आहे. त्यांचा देव मला अजून मान्य नाही.” मग नियमावली पुढे ओढली आणि बाईंना दाखवली. “कलम नऊ. नातेवाईक लिहिलंय. रक्ताचा असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याने बहुतेक मुद्दाम लिहिलं नाही.”

मुद्दाम होतं का रे ते?

बाईंनी बराच वेळ वाचलं. मग हरकतीचा फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “सात दिवस. आठव्या दिवशी मला याचं स्पष्टीकरण लेखी हवं, आणि कलम सात पुन्हा टेबलावर. तुमच्या भावाला घेऊन या. त्या दुसऱ्या भावाला.”

तोच रकाना होता. ‘नाते’. मी ‘भाऊ’ इतकं मोठं लिहिलं की ‘ऊ’ रकान्याबाहेर गेला.

आता मी बेबीच्या यंत्रापाशी बसून लिहितेय. ते एकसारखं घरघरतंय. मोजे घातले, बरोबर बसले. माझा कान तिने अजून धरलेला नाही. परिचारिकेचा दोनदा धरला. मी वाट बघतेय. नोकरीचं काय होईल, घरी हिला कशी सांभाळीन, आठव्या दिवशी काय लिहीन, कशाचाच पत्ता नाही.

तू ये. स्पष्टीकरण मला सुचेल तसं मी लिहीन, पण शब्द या वेळी दोघं मिळून ठरवू, आणि आवाज चढवायचा नाही, दोघांनीही. आणि येताना लोकरीच्या मोज्यांचा आणखी एक जोड आण. चार नंबरच्या खाटेजवळून येताना पाहिलं, त्याचे पाय उघडे होते, निळे पडलेत. माप तुझंच चालेल.

मधली